बिनमालकाची प्रणाली

एका वाचनालयात एक म्हातारा संगणक होता. त्याला चालवणारी प्रणाली जुनी झाली आणि नवी त्याला झेपेना.

"उद्या तू भंगारात," प्रिंटर म्हणाला.

ग्रंथपाल कुलथेबाईंनी पेनड्राइव्ह लावून एक वेगळीच प्रणाली त्यात घातली. संगणक झरझर चालू लागला.

"तुझा मालक कोण?" त्याने घाबरतच त्या नव्या प्रणालीला विचारलं.

"कोणीच नाही. देशोदेशीच्या लोकांनी मला मिळून घडवलं. कुणीही मला फुकट घ्यावं, उघडून बघावं, हवं तसं बदलावं."

संगणक थक्क झाला. तेवढ्यात बाईंनी तोच पेनड्राइव्ह शाळेच्या मास्तरांना दिला.

"अहो बाई, देऊ नका! ती गेली तर मी बंद पडेन!" संगणक किंचाळला.

पण तो चालूच राहिला. संध्याकाळपर्यंत शाळेतले टाकून दिलेले अकरा संगणक सुरू झाले. ते ऐकून म्हातारा प्रिंटरला म्हणाला, "बघ, ती अकरा जणांना वाटली, तरी माझ्यातली जराही कमी झाली नाही!"