बाबालाल नालबंद आणि धोतरावरचे चौदा खूर

बैलगाडीच्या चाकोरीलाच लोक रस्ता म्हणत, त्या काळातली ही गोष्ट. खैरेवळण गावात बाबालाल नावाचा नालबंद राहत होता. बैल आडवा पाडायचा, पाय बांधायचे, खूर तासायचा आणि त्याला लोखंडी पत्री ठोकायची, हा त्याचा धंदा. काम झालं की तो चुलीतला कोळसा घ्यायचा आणि जवळच्या भिंतीवर त्या बैलाचं चित्र काढायचा. असं म्हणतात, एकदा पाहिलेलं जनावर तो दहा वर्षांनीही हुबेहूब काढी.

एका वर्षी पेरणी तोंडावर आली आणि सात गोठे एकदम रिकामे झाले. चौदा बैल चोरीला गेले! त्यात गजराक्काची जोडी होती. तिला ना नवरा, ना दीर. त्या जोडीवरच तिची शेती आणि चार लेकरं. ती रडत बसली नाही. थेट बाबालालच्या दारात येऊन उभी राहिली.

"भाऊ," ती म्हणाली, "माझ्या बैलांचे पाय तुमच्याइतके कुणी बघितलेत?"

बाबालाल ताडकन उठला. कुणीतरी कोरं धोतर आणलं, ते चावडीसमोर अंथरलं. त्याच्यावर तो कोळसा घेऊन बसला. एकेका बैलाचा पुढचा उजवा खूर, मापाला माप. कुठे भेग, कुठे टवका, कुठे नख वाकडं. दुपार व्हायच्या आत चौदा खूर तयार!

नदीपलीकडच्या बाजारात एका दलालाकडे बरेच बैल आलेत, अशी कुणकुण होतीच. धोतर गुंडाळून अख्खं गाव निघालं. तिथे पोचून बघतात तर काय, दलालाकडचे बैल ओळखूच येईनात. शिंगं तासलेली, पांढऱ्याचे काळे केलेले. दलाल हसला. बाजारातल्या फौजदारांनीही नाही म्हणून मान हलवली. तेव्हा बाबालालनं मातीत धोतर पसरलं आणि तो म्हणाला, "साहेब, रंग कुणीही बदलील. खूर कोण बदलणार?"

असं म्हणतात, फौजदारांनी काही बोलायच्या आतच गजराक्काचा बैल दावं ओढत पुढे आला आणि त्यानं आपणहून पाय उचलून आपल्याच चित्रावर ठेवला. केसाचाही फरक नाही! मग दुसरा, मग तिसरा. चौदाच्या चौदा बैल परत आले आणि गजराक्काची पेरणी वेळेवर झाली.

त्या गर्दीत शाळेचे रेडेकर गुरुजी होते. त्यांनी बाबालालला शाळेत चित्रकला शिकवायला बोलावलं. बाबालाल म्हणाला, मला तर अक्षर येत नाही.

"अक्षर मी शिकवीन," गुरुजी म्हणाले. "बघायला तुम्ही शिकवा."

नालबंद बाबालालचे असे बाबालाल मास्तर झाले. पहिला महिना त्यांनी मुलांच्या हाती खडू दिलाच नाही. रोज एक वस्तू मध्ये ठेवायची, मुलांनी ती डोळे भरून बघायची, मग झाकायची आणि तिच्याबद्दल विचारायचं. असं म्हणतात, त्यांच्या वर्गातल्या मुली उडून गेलेल्या चिमणीच्या पंखावरचे ठिपके मोजून सांगत.

तीस वर्षं शिकवून मास्तर गेले. तेव्हा कळलं की त्यांचा एकही फोटो नाही. मग नवे-जुने विद्यार्थी शाळेत जमले आणि एकमेकांकडे न बघता त्यांनी भिंतीवर मास्तरांना काढलं. एकशे बारा चेहरे! प्रत्येकात डावी भुवई मध्येच तुटलेली, बैलाची लाथ लागली होती तिथे.

मास्तरांची बायको जैबुनबी आली. बराच वेळ बघून म्हणाली, "हे शाळेतले. घरातले जास्त हसरे होते." जन्मात खडू न धरलेल्या त्या बाईनं कोळसा घेतला आणि एका चेहऱ्याच्या ओठांची रेघ जराशी वर नेली. आणि मास्तर हसले! तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांनी पाहिलं, असं म्हणतात.

अजूनही खैरेवळणात दर वर्षी बाबालाल मास्तरांचा दिवस पाळतात. प्रत्येक मूल घरातल्या एका माणसाचं चित्र आठवून काढतं, आणि त्या माणसानं शाळेत येऊन त्यात एक दुरुस्ती करायची असते. गेल्या वर्षी सोपानतात्यांनी नातीनं काढलेल्या चित्रात आपल्या टकलावर दाट केस काढले. नात भांडली. पण शाळेनं ते चित्र तसंच दर्शनी भिंतीवर लावलं.