रक्तलोलेची तृप्ती

पूर्वी कृतयुगात, धर्म चारही पायांवर उभा असूनही अधर्माला शिरायला फट सापडतच होती, त्या काळी वेणुमती नदीच्या तीरावर, कदंबांच्या दाट छायेत आणि होमधूमाच्या सुगंधात, महर्षी भद्रायणांचा आश्रम होता. एके दिवशी समिधा तोडताना महर्षींच्या पावलाला सर्पदंश झाला. त्यांची पत्नी, तपस्विनी धृतिमती, हिने गुडघ्याखाली दर्भाचा दोर करकचून आवळला आणि आपल्या तपोबलाने विष तेथेच थोपवले. परंतु काळवंडलेले रक्त पायात साठून राहिले आणि महर्षी निश्चेष्ट पडले. दोर सुटला तर प्राण गेलेच, हे तिला पक्के ठाऊक होते.

ऐन माध्यान्ही दारात एक कृश जोगीण येऊन उभी राहिली. "माते, उपाशी आहे."

जेवणाआधी अतिथीचे नावगोत्र विचारू नये, हा नियम. धृतिमतीने तो पाळला, आणि तिथेच फसली. तिने जोगिणीच्या हातावर जेवणारंभी प्यायचे आपोशनाचे पाणी घालून संकल्प सोडला, "या आश्रमात जे आहे, त्यातील तू मागशील त्याने तुझी तृप्ती करीन."

पाणी प्राशन करताच जोगिणीचे रूप गळून पडले. ती रक्तलोला होती, वीरांच्या सेनाच्या सेना शोषूनही जिची तहान कधी भागली नव्हती अशी विकराल पिशाची!

"मग तुझ्या पतीचे रक्त वाढ!" ती गर्जली.

धृतिमतीच्या तोंडचे पाणी पळाले. नाही म्हणावे तर संकल्प मोडतो, आणि त्याबरोबर विष थोपवणारे तपोबलही जाते. हो म्हणावे तर पती जातो. इकडे आड, तिकडे विहीर. तिला रडू फुटत होते, पण रडायला सवड कुठे होती?

"वाढते," ती म्हणाली. "परंतु आपोशन घेतलेस, आता पंक्तीचा नियम तुलाही बांधतो. जिन्नस अतिथीने मागावा, वाटा वाढणारीने ठरवावा. दोराखालचे रक्त तुझ्या पानात वाढले आहे. दोरावरचे अजून भांड्यात आहे. पानातले टाकशील, तर प्यायलेले पाणीच अग्नी होऊन तुला जाळील."

"मला नियम शिकवतेस? वाढ!"

रक्तलोलेने त्या सुजलेल्या पावलाला तोंड लावले. काळे, विषारी रक्त घशाखाली उतरू लागले, तिची काया थरथरू लागली. पण टाकता येईना. अखेर पाय पांढराफटक पडला. आता यजमानिणीचे शेवटचे कर्तव्य उरले होते, आणि ते चुकवण्याची सोय नव्हती. दोराच्या गाठीवर हात ठेवून धृतिमतीने विचारले, "आणखी वाढू?"

रक्तलोलेने मान वर केली. महर्षींच्या गळ्याकडे ती कितीतरी वेळ पाहत राहिली, पण विषाने भरलेल्या पोटात तहान उरलीच नव्हती.

"नको," ती पुटपुटली. "तृप्त झाले."

हा शब्द तिच्या मुखातून प्रथमच निघाला होता. तो निघताच तिचे पर्वतप्राय शरीर आक्रसत आक्रसत बोटाएवढे झाले आणि ओल्या गवतात गळून पडले. महर्षींनी डोळे उघडले.

"माते," गवतातून क्षीण आवाज आला, "ती जुनी तहान मला पुन्हा देऊ नकोस."

धृतिमतीचा संताप अजून ओसरला नव्हता. तरीही तिला दया आली. "माझ्या दारी कपटाने आलीस, म्हणून बिनहाडाची होऊन चिखलात राहशील. परंतु तृप्त झालीस, म्हणून थोडक्यात तुझी तहान भागेल, आणि भागली की तू आपणहून सुटशील. माणसाला मारणारे रक्त तू पिशील, आणि माणूसच तुला सन्मानाने बोलावून आणील."

तीच ही जळू. वैद्य तिला रोग्याच्या अंगावर लावतात, पण ओढून कधी काढत नाहीत. हात जोडून वाट पाहतात. भरल्या पानावरून अतिथीला उठवू नये, मग तो आपल्याच माणसाचे रक्त का पीत असेना.