आयलाचे तीन पेले

बेळगावच्या क्लबात स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या, धुराच्या वासासाठी प्रसिद्ध अशा तीन सिंगल माल्ट व्हिस्की चाखणं चाललं होतं. तिसरा घोट घेताच अध्यक्ष नाडगौडा गरजले, “हिला धुराचा वासच नाही! विश्राम, भेसळ केलीस! उद्यापासून येऊ नकोस.”

वीस वर्षं बार सांभाळणारा विश्राम गावडे मुळापासून हादरला. कसाबसा म्हणाला, “साहेब, तिन्ही पेले पुन्हा भरतो. डोळे मिटून भेसळीचा ओळखलात, तर आत्ताच जातो.”

नाडगौडांनी डोळे मिटून तिन्ही चाखले. “पहिल्या दोन्हींत कसा धूर आहे! तिसरी भेसळीची.”

विश्रामने एकच बाटली पुढे ठेवली. मघाशी नाडगौडांनी नावं ठेवलेली तीच.

“साहेब, तिन्ही पेले हिच्यातूनच भरलेत. आता भेसळ नेमकी कुठं झाली, ते तुम्हीच सांगा.”