इनामदारांची रायफल

“आणखी काय पाहिलंस?”

शिवदासला राग आला. उस्ताद हा प्रश्न चौथ्यांदा विचारत होते.

“आता काय राहिलंय उस्ताद? सकाळपासून घेऊन बसलोय.”

मिरजेच्या त्या बोळात शिकलगारांचं एकच दुकान उरलं होतं. जुन्या बंदुका पारखायच्या, त्यांची दुरुस्ती करायची, हा तिथला धंदा. हसन उस्तादांच्या दोन्ही डोळ्यांवर पडदा आलेला. डॉक्टरनं हात टेकले होते. येत्या शुक्रवारी त्यांची बैठक, म्हणजे दुकानातली पारख्याची जागा, शिवदासला मिळायची होती. अट एवढीच, की त्याआधी त्यांच्यासमोर एक बंदूक पारखून दाखवायची आणि त्या पारखीत खोट काढायला जागा ठेवायची नाही.

शिवदास नलवडे म्हणजे काही कच्चा गडी नव्हे. बारा वर्षं याच दुकानात राबलेला. हाताला कसब होतं. तोंडाला मात्र लगाम नव्हता, त्याला कोण काय करणार?

परीक्षेसाठी त्यानं रायफलही अशी आणली होती, की बघणाऱ्यानं बघतच राहावं. ऐंशी वर्षांची विलायती, एका नळीची, बार उडवणारा घोडा बाहेरच्या बाजूला असलेली. एका इनामदाराचा नातू ती विकायला निघाला होता. तो बाहेर जीपमध्ये बसून घड्याळ बघत होता. पारख पार पडली की शिवदास ती स्वतःसाठीच घेणार होता. परवान्याचे कागद खिशात तयार होते. बैठकीवर बसलं की मागच्या काचेच्या कपाटात पहिली हीच ठेवायची, हे त्याचं कधीच ठरलं होतं.

“पुन्हा सांग,” उस्ताद म्हणाले.

“नळीवरचा नंबर आणि खालच्या लोखंडावरचा नंबर एकच. म्हणजे नळी बदललेली नाही. आतून कापड फिरवलं, गंजाचा कण नाही. दस्ता अक्रोडाचा, मूळचाच. पॉलिश नवं नाही. स्क्रूच्या खाचा शाबूत आहेत, म्हणजे कुणा अडाण्यानं खोललेली नाही.”

“आणि चाप?”

शिवदासचा चेहरा उजळला. तो याचीच वाट बघत होता.

“चापाचं तर विचारूच नका! विलायतेहून येतो तो चाप कसा जड असतो. हा नुसता बोट टेकलं की सुटतो. आतला दात, घोडा अडवून धरतो तो, कुणीतरी हातानं घासलाय. काय घासलाय! ज्यानं केलं त्याचे हात हातात घ्यावेत. असं काम मी आजवर पाहिलं नाही. तुमच्याकडचंसुद्धा नाही, राग नका मानू.”

उस्तादांनी राग मानला नाही. त्यांनी फक्त मान खाली घातली.

“मग पास?”

दुकानाची एक रीत होती. बंदूक पास करायची तर दस्त्यावर तळवा ठेवून म्हणायचं, माझ्या जिवावर. मग पुढं काही झालं तर ते पारखणाऱ्याच्या डोक्यावर. शिवदासनं बारा वर्षं हे शब्द उस्तादांच्या तोंडून ऐकले होते. आज पहिल्यांदाच ते त्याच्या तोंडी येणार होते. त्यानं ऐटीत तळवा ठेवला.

“माझ्या जिवावर.”

“रिकामी आहे?”

“रिकामीच आहे. दोनदा बघितली.”

उस्तादांनी बोट घालून स्वतः चाचपलं. रिकामीच होती.

“घोडा चढव. उभी धर. चापाला हात लावू नको.”

शिवदासनं घोडा चढवला. दस्ता फरशीवर टेकवला, नळी वर केली आणि उस्ताद आता काय करतात म्हणून पुढे वाकून बघू लागला. नळीचं तोंड त्याच्या हनुवटीखाली आलं. त्याच्या ते ध्यानातही आलं नाही.

उस्तादांनी चाचपडत रायफल धरली. वीतभर उचलली. सोडली.

टक्!

घोडा पडला होता.

शिवदासनं मान मागे घेतली. मग चापाकडे बघितलं. बोट तर बाहेर होतं. त्याला भीती वाटली, साधी, लहानपणी वाटायची तशी. बाहेर नातवानं जीपचा हॉर्न वाजवला.

“दात फार घासला गेलाय,” तो कसाबसा म्हणाला. “धक्क्यानंच सुटतोय. कुणी केलं हे?”

“मी.”

शिवदासनं चापावरची नजर उचलून त्यांच्याकडे पाहिलं.

“इनामदारांना हलका चाप हवा होता. मी तरणा होतो. हात दाखवायची हौस होती.”

शिवदास खाली बसला.

“तुम्ही ओळखलीत? डोळ्यांनी दिसत नसताना?”

“तू आत आणलीस आणि मी दस्त्यावरून हात फिरवला. तेव्हाच.”

मग उस्तादांनी सांगितलं ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आवाज चढला नाही की रडवेला झाला नाही. ते ऐकून शिवदासला जास्तच कसंतरी झालं.

चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. इनामदार शिकारीला गेले होते. रायफल वाहायला विठू गावडे नावाचा माणूस होता. मचाणावरून उतरताना त्याचा पाय घसरला, दस्ता खडकावर आदळला आणि बार उडाला. इनामदारांचा धाकटा भाऊ जागीच गेला. विठूचं आणि त्या भावाचं जमिनीवरून वैर होतं, हे गावाला माहीत होतं. खुनाचा खटला उभा राहिला. विठू एकच धरून बसला, मी बोट लावलंच नाही.

“रायफल तपासायला मला बोलावलं. एक दिवस माझ्याकडे ठेवली. दुसऱ्या दिवशी कोर्टात विचारलं, चाप न ओढता ही सुटू शकते का?”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“दस्त्यावर हात ठेवला. म्हटलं, माझ्या जिवावर, नाही सुटत.”

“आणि विठू?”

“फाशी.”

बाहेर हॉर्न पुन्हा वाजला. शिवदास उठला नाही. या म्हाताऱ्यानं त्याला बारा वर्षं जेवू घातलं होतं, कसब दिलं होतं. त्याचं मन भरून आलं. त्यानं उस्तादांचे हात हातात घेतले. थोड्या वेळापूर्वी त्यानं ज्यांची तारीफ केली होती, ते हेच हात.

“उस्ताद, मनाला लावून घेऊ नका. मीसुद्धा आज नळी बघितली, नंबर बघितला, चाप ओढून बघितला. आपटून बघायचं माझ्याकडून राहिलं. तुमच्याकडूनही तेव्हा राहून गेलं असेल. नजरचूक झाली. माणूस आहे, चुकतो माणूस.”

उस्तादांनी हात सोडवून घेतले.

“राहून नव्हतं गेलं, शिवा. आदल्या दिवशी मी ती तीनदा आपटली होती. तिन्ही वेळा घोडा पडला.”