पानमळ्यातली पावलं

ओढ्याकाठच्या निंबवड्यात वाकळे महाराजांचा मुक्काम होता, त्या सालची ही गोष्ट. अंगावर एक वाकळ, एवढाच महाराजांचा संसार!

गावातल्या येसाबाईला मागेपुढे कुणी नव्हतं. होता तो एक इवलासा पानमळा. त्यावरच तिचं पोट, आणि महाराजांचा रोजचा विडाही त्यातलाच. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी ती विडा घेऊन मठात आली, तेव्हा महाराज वेशीकडे टक लावून बसले होते.

"थंडी गेली नाही बाई," महाराज म्हणाले. "वेशीत बसलीय. उपाशी आहे."

येसाबाईने विडा पुढे ठेवून वेशीकडे पाहिलं.

"मळ्याच्या ताट्या काढू नकोस. फाटक मात्र उघडं ठेव."

शेजारचे मळेवाले रेवणनाना हे ऐकून पोट धरून हसले. त्यांनी आपल्या मळ्याभोवतीच्या, थंडीवाऱ्याला आडोसा देणाऱ्या गवती ताट्या मोठ्या तोऱ्यात होळीत घातल्या होत्या. "होळी जळाली, थंडी पळाली! आणि तू फाटक उघडून तिला जेवायला बोलावतेस व्हय?" असं म्हणत त्यांनी आपल्या फाटकाला बाभळीची काटेरी काटी आडवी लावली. "माझ्या मळ्यात बुवाबिवा कुणी नको."

बिचारी येसाबाई! मान खाली घालून घरी गेली, पण फाटक तिने उघडंच ठेवलं.

दिवस मावळला तसा वारा पडला. पाखरं एकाएकी गप्प झाली. कुत्री वेशीकडे बघत शेपूट घालून घरात शिरली. मठात भजन रंगलं ते उजाडेपर्यंत. येसाबाई होती, नानाही कोपऱ्यात होते. महाराज सगळ्यांसमोर डोळे मिटून बसले होते, जागचे हलले नाहीत. पण त्यांची वाकळ हळूहळू दवाने ओली होत गेली.

उजाडताच येसाबाई मळ्याकडे धावली. मागून नाना. शिवार दहिवराने पांढरंफटक पडलं होतं. नानांचे वेल उकडल्यासारखे काळे पडले होते. येसाबाईचे मात्र हिरवेगार! तिच्या उघड्या फाटकातून अनवाणी पावलं आत जाऊन ओळीओळीने फिरली होती. पाऊल पडलं तिथे दहिवर नव्हतं. तिने हात लावला, तर माती उबदार. डाव्या पावलाला करंगळी नव्हती.

महाराजांच्याही नाही.

तीच पावलं नानांच्या फाटकापर्यंत आली होती. काटीपाशी कुणी बराच वेळ ताटकळल्यासारखी माती तुडवली होती. तिथून ती परत फिरली होती.

"महाराज तर आपल्यासमोर..." नाना पुटपुटले. ते धावत मठात आले आणि महाराजांच्या पायांवर कोसळले. पाय बर्फासारखे गार होते! "देवा, काटी मीच लावली!"

"मुळं जिवंत आहेत, नाना," महाराज म्हणाले. "काटी तेवढी काढ."

नानांनी ते गारठलेले पाय छातीशी धरले. ऊन वर येईपर्यंत ते सोडले नाहीत.