नव्या पातेल्याची कल्हई

“...पण मग माझं चुकलं कुठं, आक्का?”

मठाच्या अंगणात भट्टी फुंकता फुंकता त्र्यंबकशेठ विचारत होते. तांब्याच्या भांड्यांचा त्यांचा कारखाना. गेलेल्या पत्नीचं नाव घालून एक नवं पातेलं त्यांनी मठासाठी आणलं होतं आणि कल्हई स्वतःच्या हातानं करायला बसले होते.

मठ सांभाळणाऱ्या यमुनाक्का शेजारी चिंच निवडत होत्या.

“विशीच्या आतल्याला अर्धी मजुरी, ही आमच्या आळीची रीतच आहे. मी काही जगावेगळं करत नाही,” शेठ म्हणाले.

“मग?”

“हात बसला की पोरगं जातं. पुन्हा नवी पोरं, पुन्हा पोचे आलेली भांडी. गिऱ्हाईक तुटत चाललंय. आता माझा कारागीर सलीमही निघालाय. त्याच्यासारखा हात आळीत नाही. तो गेला की कामाचा माणूस मी एकटा. आणि माझे हात आता थकले... बघताय ना.”

“त्याला काय देतोस?”

“सांगितलं की. अर्धी. अजून विशीचा नाही तो.”

आक्कांनी एक चिंचोका बाजूला टाकला.

पातेलं तापलं. शेठनी नवसागर टाकला, पांढरा धूर उठला. कथलाची कांडी टेकवणार, तोच आक्कांनी त्यांचं मनगट धरलं.

“अर्धीच लाव.”

“काय अर्धी?”

“कल्हई. पातेलं नवं आहे, भागेल अर्ध्यात. जुनं झालं की पुरी लावू.”

शेठना हसू आलं. “आक्का, तुम्ही आपली आमटी बघा. अर्ध्या कल्हईत ती कळकेल, माणसं आजारी पडतील. भांडं नवं आहे म्हणून चिंच काय कमी आंबट होते?”

आक्का पुन्हा चिंच निवडू लागल्या.

शेठच्या हातातली कांडी तशीच राहिली...

सलीमला खोलीचं भाडं अर्धं पडत नव्हतं. हे त्यांना ठाऊक होतं. कधीपासून ठाऊक होतं.

मग त्यांनी कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं कल्हई फिरवली. पुरी, काठापर्यंत. पातेलं आतून लख्ख उजळलं. कितीतरी दिवसांनी त्यांची छाती हलकी झाली.

“सगळ्या पोरांना पुरी मजुरी,” ते म्हणाले. “सलीम संध्याकाळच्या गाडीनं निघतोय. गाठतो त्याला.”

चपला घालताना मात्र ते थबकले.

“आळीतले शेठ हसतील मला, आक्का.”

“हसू देत. अर्ध्या कल्हईची माणसं ती. तू त्यांच्याकडे जेवायला जाऊ नकोस.”