आपण बसा

"महाराज, मला 'आपण' का म्हणता?"

सोमगीर महाराज चुलीतली राख उकरत होते. निखारा सापडत नव्हता. त्यांनी वर पाहिलं नाही.

"मग काय म्हणू?"

"पूर्वी म्हणायचात तेच. तू."

महाराज राख उकरत राहिले...

भालचंद्रराव जिल्हा न्यायाधीश होते. आईबापाविना पोर म्हणून माणगंगेकाठच्या या गोसाव्यांच्या मठात ते वाढले, इथल्याच भाकरीवर शिकले. आज गाडी टेकडीखाली ठेवून एकटेच वर आले होते.

या मठात महादेवालाही तू आणि मामलेदारालाही तू. सोमगीर महाराजांच्या तोंडून 'आपण' हा शब्द कुणी ऐकलेला नव्हता. आणि आज साहेब उंबऱ्यात पाऊल ठेवतात तो महाराज म्हणाले, "आपण बसा."

तेव्हापासून साहेबांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

खरं तर ते आले होते वेगळंच विचारायला. नव्या न्यायाधीशांना शिकवण्याचं काम त्यांच्याकडे आलं होतं. न्यायाचा पहिला धडा कोणता सांगावा, हे गुरूंना विचारायचं, आणि उत्तर आपल्याला आधीच ठाऊक होतं असा चेहरा करून ऐकायचं, असा बेत होता. तो बेत उंबऱ्याबाहेरच राहिला.

"माझं काही चुकलं का?"

"कायद्यात नाही."

"मग?"

"यल्लप्पाचा खटला आठवतो?"

आठवत होता. यल्लप्पा म्हणजे खाणीवर दगड फोडणारा म्हातारा वडार. इनामदारांच्या विहिरीवरची मोटार त्याने चोरली, असा आळ होता. पुरावा कच्चा निघाला. साहेबांनी त्याला सोडून दिलं आणि निकाल असा बिनतोड लिहिला की वरच्या कोर्टालाही बोट ठेवायला जागा उरली नाही.

"मी त्याला निर्दोष सोडलं, महाराज. इनामदारांचं वजन केवढं, तरी मी..."

"ठाऊक आहे. मी होतो तिथे."

"कुठे?"

"आपल्या कोर्टात. मागच्या बाकावर. यल्लप्पाच्या सोबतीला आलो होतो."

लहानपणी ज्याच्या मांडीवर डोकं ठेवून ते झोपले होते, तो माणूस भगव्या कफनीत दिवसभर समोर बसला होता. आणि त्यांना तो दिसला नव्हता.

"इनामदार साक्षीला आले," महाराज म्हणाले. "तेव्हा आपण त्यांना काय म्हणालात?"

"...'आपण बसा'."

"आणि यल्लप्पाला?"

साहेबांनी नजर जमिनीकडे वळवली.

"'तू सरळ उभा राहा.'"

"कायद्यात असं लिहिलंय? कुणाला तू, कुणाला आपण?"

"नाही. कायद्यापुढे सगळे सारखे."

"मग हे आलं कुठून?"

...

भालचंद्ररावांचा जन्म कोर्टात गेलेला. गप्प बसणं त्यांना कधी जमलं नाही, तेव्हाही जमलं नाही.

"पण महाराज, तुम्हीसुद्धा त्याला तूच म्हणता."

"म्हणतो."

"मग तुमच्या तूमध्ये आणि माझ्या तूमध्ये फरक काय?"

बाहेर कुणाच्या तरी वहाणा वाजल्या. डोक्यावर जळणाची मोळी घेऊन यल्लप्पाच टेकडी चढून आला होता. दारातूनच तो ओरडला, "आरं सोमगिरा, तू आजून चूल पेटवली न्हाईस व्हय? उपाशी मरतूस का काय?"

"तुझीच वाट बघतोय. लाकडं आण इकडं."

"आनतू की. दम धर जरा."

यल्लप्पा वाकून आत आला आणि त्याला साहेब दिसले. मोळी डोक्यावरून खाली पडली. म्हातारा पाय जुळवून, हात खाली सोडून सरळ उभा राहिला. त्या दिवशी कोर्टात उभा होता तसा.

साहेबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा महाराजांकडे. मग ते उठले.

"यल्लप्पा... तुम्ही बसा."

यल्लप्पाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"माजं काय चुकलं का, सायेब? मोटार म्या न्हवती घेतली. देवाशपत न्हवती घेतली."

"नाही, नाही. तुमचं काही चुकलं नाही." साहेब खाली बसले. चुलीपुढच्या राखेतच बसले, कपड्यांचा विचार न करता. "माझं चुकलं. तुम्ही बसा माझ्यापाशी."

यल्लप्पा बसला. पण अंतर राखून, उकिडवा.

"मला तू म्हणा, यल्लप्पा. इथं मला सगळे भालू म्हणायचे."

यल्लप्पाने महाराजांकडे पाहिलं. महाराज आपल्या राखेत. म्हाताऱ्याचे ओठ हलले, काहीतरी जुळवू पाहत होते, आणि मिटले. त्याने हात जोडले.

"न्हाई जमायचं, सायेब."

भालचंद्ररावांना घर होतं, नोकरचाकर होते, वाकून नमस्कार करणारे शेकड्यांनी होते. बायको 'अहो' म्हणायची, मुलं 'तुम्ही' म्हणायची. उभ्या जगात त्यांना तू म्हणणारं एकच तोंड उरलं होतं, आणि ते हाताच्या अंतरावर होतं. लहानपणी ताप आला की तेच तोंड रात्रभर म्हणत राही, भालू, तू झोप, मी आहे. ते साहेबांना पुन्हा ऐकावंसं वाटलं.

"महाराज... एकदाच म्हणा."

महाराजांना निखारा सापडला होता. त्यांनी त्यावर काटक्या ठेवल्या आणि फुंकर घातली. धूर झाला. त्यांचेही डोळे पाणावलेले होते, पण ते धुराने की कशाने, ते कळलं नाही.

"भालचंद्रराव, आपण येत राहा," ते म्हणाले. "याला जमेल त्या दिवशी मलाही जमेल."